उसना आवाज

फाटकावरच्या शिपायाने तिचा मोबाइल घेतला, चाव्या घेतल्या, पर्स घेतली आणि शेवटी हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं.

"तेही ठेवा, ताई."

"पुस्तकसुद्धा?"

"आतल्या मंडळींना वाचायला वेळच वेळ आहे. तुम्ही आणखी भर नका घालू." स्वतःच्याच विनोदावर खूश होत त्याने कपाटाचा क्रमांक असलेला बिल्ला तिच्यापुढे सरकवला. "कुणाला भेटायचंय?"

आता याला काय सांगावं? वडिलांना म्हणावं, तर वडील जाऊन पाच आठवडे झाले होते.

"गटाच्या बाईंना," ती म्हणाली.

"असं. गटाच्या." शिपायाचं हसू आल्यापावली परत गेलं. "बसा तिकडे."

तुरुंगातही उतरंड असते. चोर खुन्याला वचकून असतो, खुनी चोराला मोजत नाही, आणि दोघे मिळून ज्यांच्या ताटाशेजारी ताट ठेवत नाहीत ते हे गटवाले. बायकांवर हात टाकून आत आलेले आठ जण, आणि त्यांना दीड वर्ष गोल बसवून बोलतं करणाऱ्या एक समुपदेशक बाई. त्या आठांत तिचे बाबा होते.

बाबा इस्पितळात एक्स-रे काढायचे. सहा वर्षांपूर्वी खांदा दुखावून आलेल्या एका सव्वीस वर्षांच्या बाईने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. खटला चालला, सात वर्षांची सजा झाली. घरातला निकाल मात्र वेगळा लागला होता. "एक्स-रे काढताना हात लावावाच लागतो," हे आईचं वाक्य. खांदा फिरवावा लागतो, हनुवटी उचलावी लागते, पाठ टेकवावी लागते. न लावता काढून दाखवा म्हणावं कुणीतरी! मामा म्हणायचा, "सुक्याबरोबर ओलंही जळतं." मुलगी दोघांचं ऐकून घ्यायची. ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, चुका शोधणं हाच तिचा धंदा. पण आईच्या त्या वाक्यात तिला कधी चूक सापडली नाही. हात लावावा लागतो हे खरंच होतं.

भेटीला गेलं की बाबा जाळीपलीकडून विचारायचे, आई गोळ्या घेते ना, तुझ्या डोळ्यांचा नंबर वाढला का. त्या बाईचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मुलीनेही नाही. मग दीड वर्षापूर्वी त्यांनी गटात नाव घातलं आणि घरात नवीनच घोळ सुरू झाला.

"न झालेल्या रोगावर औषध घेतं का कुणी?" आई म्हणाली.

"अगं, सवलतीसाठी," मामाने समजावलं. "तिथे कबूल केल्याशिवाय बसूच देत नाहीत. चार अश्रू ढाळायचे, चार महिने कमी करून घ्यायचे. दाजी हुशार आहेत."

गटाचा शेवट एका बैठकीने व्हायचा. त्या बैठकीला घरचं एक माणूस यायचं आणि कैद्याने काय केलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याच तोंडून ऐकायचं. बाबांनी मुलीचं नाव दिलं होतं. बैठक गुरुवारी होती. त्याआधीच्या रविवारी सकाळी ते नळावर कपडे धुताना कोसळले आणि उठलेच नाहीत.

तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. एखाद्या दुपारी भरून यायचं, आणि नेमकं तेव्हाच आतून कुणीतरी विचारायचं: रडतेस ते कुणासाठी? अन्यायाने आत गेलेल्या म्हाताऱ्यासाठी, की त्या दुसऱ्या कुणासाठी? आई दिवसभर रडत होती. तिला ठाऊक होतं कुणासाठी ते. मुलीला तेवढंच कळायला हवं होतं. बाबांनी ते केलं होतं की नाही. म्हणून बाईंचा फोन आल्यावर, आईला "बाबांचं सामान आणायला जातेय" असं सांगून ती निघाली होती.

गटाची खोली लांबट होती. पूर्वी तिथे माग असावेत; फरशीत जागोजागी खुंट्यांची भोकं होती. भिंतीवरच्या फळ्यावर एकाखाली एक लिहिलं होतं: चुकून. नकळत. मोहात. तिनेच. आणि त्याखाली: हे शब्द या खोलीत बंद.

बाईंना सर्दी झाली होती. हातातला रुमाल त्या पुन्हा पुन्हा घडी घालत होत्या.

"त्यांची गटातली वही मिळेल का?" मुलीने बसायच्या आधीच विचारलं.

"नाही. ती आज नष्ट होईल. नियम आहे."

"त्यांचं अक्षर आहे त्यात. मी मुलगी आहे त्यांची."

"अक्षर त्यांचं आहे," बाई म्हणाल्या, "दुःख दुसऱ्या कुणाचं आहे. ते वारसाने मिळत नाही."

मुलगी खुर्चीत बसली.

"इथे आम्ही काय करतो ते आधी सांगते," बाई म्हणाल्या. "माणूस स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा शब्दाशब्दाला लोणी लावतो. म्हणून पहिले सहा महिने झाले की मी जोड्या लावते. ह्याची गोष्ट त्याने सांगायची, आपलीच असल्यासारखी, आणि ह्याने समोर बसून ऐकायची. आपली सबब दुसऱ्याच्या तोंडी आली की ती सबब वाटायला लागते. ह्याला इथे उसना आवाज म्हणतात. तुमच्या वडिलांचा उसना आवाज बाहेर उभा आहे. पंधरा वेळा तरी सांगितली असेल त्याने. त्यांच्या जागी मी सांगतो, असं तो स्वतःहून म्हणाला. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. उठून गेलात तर मी तुम्हाला भित्री म्हणणार नाही."

"पण ते खरं कशावरून? मामा म्हणतो, सवलतीसाठी लोक वाट्टेल ते कबूल करतात."

"करतात की." बाईंनी नाक पुसलं. "आठांत एखाददुसरा असतोच. कोण ते दरवेळी मला कळतं, असंही नाही."

मुलीला वाटलं होतं, बाई छातीठोक काहीतरी सांगतील. हे म्हणजे विहिरीत पोहायला शिकवणाऱ्यानेच, तळ किती खोल आहे कुणास ठाऊक, म्हणावं तसं झालं.

"बोलवा त्यांना," ती म्हणाली.

आत आलेला माणूस पन्नाशीचा होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस पाण्याने चापून बसवलेले. शाळेच्या तपासणीला उभं राहावं तसा तो खुर्चीमागे उभा राहिला.

"नमस्कार, ताई. मला इथे क्लच म्हणतात. बाहेर गाडी शिकवायचो. ब्रेक म्हणाले नाहीत, ते बरोबरच आहे."

"विनोद नको," बाई म्हणाल्या.

"घाबरलो की येतो, बाई. मुद्दाम नाही करत."

"बस. आणि सावकाश."

क्लच बसला. त्याने डोळे मिटले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, आणि बाबांसारखा मुळीच नसलेल्या, जरा चिरक्या आवाजात सुरुवात केली.

"मी एक्स-रे काढायचो. तीस वर्षं काढले. त्या बाईच्या आधी आणखी दोघी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांना मोजायचो नाही. माझ्या घरी बायको होती, शिकलेली मुलगी होती. मुलीचा मला अभिमान होता."

मुलीने खुर्चीची कड धरली. एक परका माणूस तिला आपली मुलगी म्हणत होता, आणि तिला एकदम वाटलं, उठून त्याच्या मुस्काटात द्यावी. मग वाटलं, यातला अभिमानाचा भाग त्याने पुन्हा सांगावा.

"ती बाई तीन वाजता आली. खांदा दुखत होता, हात वर होत नव्हता. हात वर होत नाही हे मी आधी पाहिलं. कागद खाली राहिलेत म्हणून मी आयाला खाली पाठवलं. कागद टेबलावरच होते. मग मी तिला बसायला सांगितलं, आरसा नीट केला, ती कुठे बघतेय ते त्यात पाहिलं, आणि—"

"थांबा," मुलगी म्हणाली.

क्लचने डोळे उघडले.

"कुठला आरसा?"

"अं?"

"त्या खोलीत आरसा नव्हता." ती उभी राहिली होती, कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. "मी लहानपणी शाळा सुटल्यावर तिथेच बसायची, बाहेरच्या बाकावर. आतून येणाऱ्या बायका मला विचारायच्या, बाळ, माझे केस नीट आहेत का गं? कारण आत आरसा नव्हता. कधीच नव्हता!"

तिचा आवाज चढला होता, आणि त्यात आनंद होता. स्वतःच्या आवाजातला तो आनंद ऐकून ती चपापली.

क्लच बाईंकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"तो माझा," तो पुटपुटला. "तो आरसा माझ्या गाडीतला आहे, ताई. शिकायला बसलेल्या बाईला... तो माझा आहे."

"पंधरा वेळा सांगितलं ना तुम्ही?"

"पंधरा वेळा त्यांचं मी सांगितलं आणि पंधरा वेळा माझं त्यांनी सांगितलं. माझं ते माझ्याहून चांगलं सांगायचे. वर्षभर हेच करत बसलं की मग..." त्याने कपाळावर हात मारला. "रात्री पडल्यावर मला एक्स-रेची खोली दिसते. मी ती कधी पाहिलीपण नाही."

"मग अजून काय काय तुमचं आहे? त्या दोघी तुमच्या असतील. आयाला पाठवलं ते तुमचं असेल."

"माझ्या गाडीत आया कुठून येणार, ताई?" तो केविलवाणा म्हणाला. "आणि माझ्या दोघी नव्हत्या. चार होत्या."

बाईंनी स्वतःची नोंदवही उघडून काहीतरी लिहिलं, मग पेन खाली ठेवलं.

"आजचं कथन मोडलं," त्या म्हणाल्या. "मी तशी नोंद करते. तुम्ही ऐकणं इथेच थांबवलंत तर त्यात गैर काही नाही. घरी जाऊन हेच सांगू शकता, की जे ऐकलं त्यात खोट होती. ते खरंच आहे."

मुलगी खिडकीशी गेली. अंगणात दोरीवर एकाच रंगाचे शर्ट वाळत होते, ओळीने, बाह्या खाली लोंबत. आईला हा एवढा आरसा पुरेल, तिच्या मनात आलं. आई तो घराच्या मधोमध टांगेल. "बघ, म्हणत नव्हते मी? दुसऱ्याचं पाप त्यांच्या नावावर चढवलं." मामा शेजाऱ्यांना बोलावून दाखवेल. आणि तिलाही रडता येईल, आजच, बसमध्येच, सरळ, स्वच्छ, अन्याय झालेल्या बापासाठी. फक्त इथून आत्ता निघायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं हे. आणि पळून जाऊ देण्याइतकं सोपं काही नव्हतं.

पण तिचा धंदा आडवा आला. मुद्रितात चूक सापडली म्हणून कुणी पुस्तक फेकून देत नाही. चूक दुरुस्त करतात, आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचतात. वीस वर्षं ती हेच करत आली होती, तेही दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी.

ती परत येऊन बसली.

"आरसा काढून टाका," ती क्लचला म्हणाली. "आणि पुन्हा सांगा. आयापासून."

"ताई, परत काही मिसळलं तर?"

"तर मी सांगेन."

क्लचने बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. अडखळत, ओल्या फरशीवरून चालावं तसा एकेक शब्द चाचपत तो बोलू लागला.

"आयाला खाली पाठवलं. दार लावलं. बाहेरचा लाल दिवा लावला. मशीन चालू असलं की तो लावायचा, म्हणजे कुणी आत येत नाही. मशीन चालू नव्हतं. दिव्याचं बटण वेगळं असतं, टेबलाच्या खालच्या अंगाला, गुडघ्यापाशी. ते मी गुडघ्यानेच दाबायचो."

ते बटण तिला माहीत होतं. तिसरीत पहिला नंबर आला तेव्हा बक्षीस म्हणून बाबांनी तिला टेबलाखाली वाकून ते दाबू दिलं होतं. "गुडघ्याने," ते म्हणाले होते, "हात मोकळे राहतात." ते बटण कोर्टात निघालं नव्हतं, मामाला ठाऊक नव्हतं, गाडी शिकवणाऱ्या या माणसाला कुठून ठाऊक असणार? सवलतीसाठी नाटक करणाऱ्याने रडावं, पाया पडावं. गुडघ्यापाशी असलेलं एक बटण कशाला सांगावं?

"मी तिचा खांदा फिरवला. तो हात कामाचा होता. एक फोटो काढला. मग दुसऱ्यांदा हात लावला, तो कामाचा नव्हता. तिने अंग चोरलं. मी पाहिलं की तिने अंग चोरलं. तिचा एक हात वर होत नव्हता. तिने विचारलं, झालं का? मी म्हणालो, हललात तुम्ही, परत काढावा लागेल. फोटो चांगला आला होता. मी परत तेच केलं. दोनदा. प्रत्येक वेळी श्वास रोखायला सांगितला."

क्लच थांबला.

"निघताना ती मला थँक यू म्हणाली. सवयीने. मी म्हणालो, काळजी घ्या." त्याने बाईंकडे पाहिलं. "इथे त्यांचं संपतं. यात माझं काही नाही, ताई. मी बघून बघून बोललो."

"नाही," मुलगी म्हणाली. "यात तुमचं काही नाही."

हात लावावाच लागतो. इतकी वर्षं तिला त्या वाक्यात चूक सापडली नव्हती, कारण तिथे नव्हतीच. पहिला हात कामाचा होता.

तिला वाटलं होतं, कळलं की सुटेल. खरं काय ते हातात आलं होतं, आणि त्याचं करायचं काय ते समजत नव्हतं. ज्या माणसाने हे केलं त्याच माणसाने हे असं, लोणी न लावता, शेवटच्या थँक यूपर्यंत सांगितलं होतं. आणि ते ऐकायला जगातल्या सगळ्या माणसांतून तिलाच निवडलं होतं. हा तिच्यावर विश्वास होता, की शेवटचा अत्याचार? दोन्ही म्हणून पाहिलं, दोन्ही बसत होतं.

"ऐकणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा असतो," बाई हलकेच म्हणाल्या. "त्याचं उत्तर सांगणाऱ्याने द्यायचं असतं. आज ते नाहीत. तरी विचारायचा असेल तर विचारा."

मुलीने खूप वेळ घेतला. का केलंत, हा प्रश्न तिला मोठा आणि निरुपयोगी वाटला. तिने क्लचकडे पाहिलं.

"त्या संध्याकाळी घरी येऊन तुम्ही जेवलात का?"

क्लच खराखुरा विचार करत होता. त्याच्या कपाळावर घाम आला.

"हे वहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "मला ठाऊक नाही, ताई. हे तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही होता ना घरी?"

ती होती घरी. खटल्याच्या कागदांवर ती तारीख इतक्यांदा आली होती की तिला पाठ होती. मंगळवार होता. तेव्हा ती आईवडिलांकडेच राहायची, संध्याकाळी सहाला घरी यायची, बाबा साडेसहाला. तिने तो मंगळवार शोधायला सुरुवात केली. दार कुणी उघडलं, कोण कुठे बसलं, टीव्हीवर काय चालू होतं. त्याच्या मागचा रविवार सापडला, पाहुणे आले होते. पुढचा शनिवार सापडला. मंगळवार कुठेच नव्हता. तो इतर मंगळवारांत मिसळून गेला होता, त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. ती त्याच घरात होती, बहुधा त्याच टेबलाशी, आणि तिला काहीही दिसलं नव्हतं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली, आणि पाच आठवड्यांनंतर तिला रडू आलं. कुणासाठी ते तिने विचारायचं सोडून दिलं.

बाईंनी रुमाल पुढे केला, मग तो आपला सर्दीचा आहे हे लक्षात येऊन मागे घेतला. क्लच उठून पाणी आणायला गेला.

फाटकावर शिपायाने पर्स दिली, चाव्या दिल्या, पुस्तक दिलं. तिचे डोळे पाहून त्याने यावेळी विनोद केला नाही. बाहेर बसथांब्यावर तिने मोबाइल चालू केला. आईचे चार फोन येऊन गेले होते. पाचवा तिने स्वतः लावला.

"मिळालं का गं सामान?" आईने विचारलं. "चष्मा होता त्यात?"

"आई, एक विचारू?"

"विचार की."

तिने ती तारीख सांगितली. सहा वर्षांत घरात ती तारीख कुणी उच्चारली नव्हती. "त्या संध्याकाळी," ती म्हणाली, "बाबा जेवले होते का?"

आई विचारेल, कुठली तारीख? म्हणेल, एवढं जुनं कुणाच्या लक्षात राहतं? मुलगी त्याची वाट पाहत राहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला. आईला आठवायला क्षणही लागला नव्हता; ती फक्त ट्रकचा आवाज सरेपर्यंत थांबली होती.

"दोनदा वाढून घेतलं," आई म्हणाली.

बस आली, माणसं चढली, बस गेली.

"तू कधी पोचतेस?" आईने विचारलं.

"पुढच्या बसने."

"ये. मामाला मी आज येऊ नकोस म्हणून सांगते."